अबायाचा नंबर फक्त लांबी सांगतो

दुबईला किंवा कुवेतला असलेल्या नणंदेचा फोन येतो, "भाभी, तुला नंबर कितीचा लागतो? ५४ की ५६?" रत्नागिरी, खेड, श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांत अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा लांब, सैल झगा, असाच येतो, फोनवर नंबर सांगून. बॅग उघडल्यावर कळतं की लांबी अगदी बरोबर आहे, पण छातीवरची बटणं ताणली जाताहेत, नाहीतर खांद्याची शिवण घरंगळून दंडावर आली आहे. यात नणंदेची चूक नाही. ५२, ५४, ५६, ५८ हा आकडा खांद्यापासून खालच्या काठापर्यंतचे इंच मोजतो, बस्स. छाती, खांदा, बाही, घेर यांबद्दल तो काहीच सांगत नाही. अबाया सैलच असतो, बाकीचं जमून जाईल, असं दुकानदार गृहीत धरतो आणि आपणही धरतो. पण सैल आणि बेढब यांत फरक आहे, आणि तो फरक बहुतेक वेळा खांद्यावर ठरतो. सगळं कापड टांगलेलं असतं ते खांद्यावर. तो चुकला की कितीही महाग काम केलेलं असो, अबाया हँगरवरच चांगला दिसतो.

आधी नंबराचं उरकून घेऊ. ढोबळ हिशेब सोपा आहे: तुमच्या उंचीचे एकूण इंच काढायचे आणि त्यातून ८ वजा करायचे. ५ फूट २ इंच म्हणजे ६२, वजा ८, म्हणजे ५४. ५ फूट ४ ला ५६, ५ फूट ६ ला ५८, ५ फूट ८ ला ६०. हा हिशेब दुकानात उभं राहून अंदाज बांधायला ठीक आहे. पैसे देण्याआधी किंवा फोनवर नंबर कळवण्याआधी मात्र टेप हातात घ्या. मान जिथे संपते आणि खांदा सुरू होतो त्या बिंदूवर टेप धरायचा, छातीच्या सर्वांत उंच भागावरून खाली सोडायचा आणि घोट्यापर्यंत मोजायचं. हे माप दुसऱ्या कुणीतरी घ्यावं. स्वतः वाकून घोट्याकडे बघितलं की टेप सैल पडतो आणि माप इंच-दीड इंच चुकतं. पायात तीच चप्पल असू द्या जी त्या अबायावर रोज घालणार आहात. दोन इंचांच्या टाचेवर बेतलेला अबाया सपाट चपलेवर रस्ता झाडतो.

काठ जमिनीपासून किती वर हवा? लग्नात, घरातल्या कार्यक्रमात एक इंच चालतो. रोजच्या बाहेरच्या वापराला दोन इंच. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात अडीच ते तीन, आणि त्यात संकोच वाटण्याचं कारण नाही, आत सलवार किंवा पँट असतेच. जमिनीला टेकणारा काठ फोटोत सुंदर दिसतो. महिन्याभरात त्याची खालची दुमड घासून पांढुरकी पडते, धागे सुटतात आणि चिखलाचे डाग शिवणीत बसतात ते निघत नाहीत.

आता एक गोष्ट, जी तयार अबायात हमखास चुकते. आरशासमोर बाजूने उभ्या राहा. पुढचा काठ मागच्यापेक्षा वर उचललेला दिसतो का? भरलेल्या छातीवरून जाताना पुढच्या कापडाची इंच-दीड इंच लांबी तिथेच खर्च होते, म्हणून पुढून पाऊल दिसतं आणि मागून काठ लोळतो. तयार अबाया घेत असाल तर एक नंबर मोठा घ्या आणि मागचा भाग कमी करून घ्या. शिवून घेत असाल तर टेलरला पुढचा भाग एक ते दीड इंच जास्त बेतायला सांगा आणि ती जास्तीची लांबी बाजूच्या शिवणीत, छातीच्या रेषेवर, छोट्या टकमध्ये घ्यायला सांगा. पाठीला बाक आलेल्या वयस्क बाईच्या बाबतीत नेमकं उलटं होतं, मागचा काठ वर जातो. तिथे जास्तीचा इंच पाठीला द्यायचा.

नंबराबरोबर आणखी दोन मापं कळवा. अबाया सपाट अंथरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत जे माप येईल त्याची दुप्पट म्हणजे छातीचा पूर्ण घेर. बंद सरळ अबायाला तो तुमच्या छातीच्या मापापेक्षा ६ ते ८ इंच जास्त हवा, कुर्त्यावर घालायच्या फ्रंट ओपनला ८ ते १० इंच. त्याहून कमी असेल तर बसल्यावर ओढ बसते. १२ च्या वर गेला की काखेखाली झोळ साचतो आणि बारीक बाईसुद्धा जाड दिसते. दुसरं माप खांद्याचं, पाठीमागून एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत. नणंदेला सांगा, दुकानात टेप लावून फोटो पाठव. दोन फोटोंत काम होतं.

खांद्यापासून सुरुवात

खांदे उतरते आणि अरुंद असतील तर बसवलेली बाही, म्हणजे मुंढ्यावर (बाही अंगाला जोडते तिथे) नीट शिवण असलेली बाही, हाच कट घ्या. उतरत्या खांद्यावर किमोनो बाही (खांद्यावर जोड नसलेली, अंगाच्याच कापडातून निघणारी) किंवा खाली उतरवलेला खांदा घातला तर अबायाचं सगळं वजन मागे सरकतं, गळा मागे ओढला जातो आणि दिवसभर पुढून ओढून सारखं करत बसावं लागतं. हा त्रास असलेला अबाया आधीच घरात असेल तर आतून खांद्याला पातळ पॅड लावून बघा. बरेचदा तेवढ्याने सुटतो.

खांदे रुंद असतील तर उलट. मुंढ्यावरची शिवण, चुण्या घातलेली फुगीर बाही, खांद्यावरचं खड्यांचं काम, हे सगळं रुंदी आणखी दाखवतं. रॅगलन बाही (गळ्यापासून काखेकडे तिरकी जाणारी शिवण) किंवा किमोनो बाही घ्या. नजर खांद्याच्या टोकावर थांबतच नाही.

मुंढ्याच्या खोलीकडे कुणी बघत नाही, आणि रोजच्या वापरात सर्वांत जास्त छळतो तोच. वटवाघळाच्या पंखासारख्या बाहीचा मुंढा कमरेपर्यंत खोल असतो. लोकलमध्ये वरची कडी धरायला हात वर केला की त्या बाजूचा अख्खा अबाया हाताबरोबर वर येतो. काखेच्या जवळ असलेल्या मुंढ्यात हात वर गेला तरी अंगाचा भाग जागेवर राहतो. म्हणजे घट्ट वाटणारा मुंढा खरं तर मोकळा असतो. दुकानात हात वर करून काठ किती उचलला जातो ते बघा. दोन इंचांपर्यंत ठीक, चार इंच उचलला तर तो अबाया फक्त बसून राहण्याच्या कार्यक्रमांसाठी.

अंगकाठी आणि कट

ठेंगण्या बायकांना सगळ्यात जास्त फसवतो तो फुलपाखरू अबाया, आखातात ज्याला फराशा म्हणतात. त्याची बनावटच बघा. कापड दुमडून अंथरतात, पन्हा, म्हणजे थानातल्या कापडाची रुंदी, हीच त्याची रुंदी होते, मध्ये गळा कापतात आणि दोन्ही बाजूंना अंगाच्या रेषेत उभी शिवण मारतात. पन्हा ५८ इंचांचा आणि तुमचा नंबर ५२ असेल तर रुंदी लांबीपेक्षा जास्त झाली. चौकोनात उभी असलेली बाई उंच दिसणार कशी? फराशाच हवा असेल तर रुंदी ४८ पर्यंत उतरवून घ्या आणि आतल्या उभ्या शिवणी छातीच्या मापाला धरून घ्या, म्हणजे पंख सुटे राहतात पण मधली आकृती दिसते. उलट ४४ च्या पन्ह्यात फराशा बेतायला जाल तर मनगटाच्या आधीच कापड संपेल. मग आतून कफ असलेली वेगळी बाही जोडावी लागते.

ठेंगण्या बांध्याला उभी रेघ लागते. समोरून गळ्यापासून काठापर्यंत जाणारी पायपिंग, पट्टी, किंवा नुसता उघडा पुढा आणि आत त्याच रंगाचा इनर. खालच्या काठाला तीन इंचांपेक्षा रुंद बॉर्डर नको, ती उंची खाते. ओढणी वेगळ्या रंगाची घेतली तर अंगाचे दोन तुकडे दिसतात. अबाया आणि स्टोल एकाच थानातला घ्या.

उंच बाईची अडचण वेगळी. ६० आणि ६२ नंबर भारतातल्या बऱ्याच दुकानांत ठेवतच नाहीत, आणि ५८ ला खाली पट्टी जोडून देतात. पट्टी जोडायचीच असेल तर ती लपवायला जाऊ नका. वेगळ्या पोताची, निदान चार इंचांची, बाहीलाही तशीच पट्टी लावून मुद्दाम केल्यासारखी जोडून घ्या. दीड इंचाची काळी पट्टी काळ्या अबायाला जोडली की ती दुरुस्तीच दिसते. उंच बांध्याला आडव्या रेघा, थर, बिश्तसारखा (अरब पुरुषांच्या सैल, पुढून उघड्या झग्यासारखा) रुंद पडणारा अबाया, सगळं शोभतं.

छाती भरलेली असेल तर फ्रंट ओपन चांगला दिसतो, पण एका अटीवर. टिचबटण छातीच्या सर्वांत उंच बिंदूच्या रेषेवर हवंच. बहुतेक तयार अबायांत वरून सहा-सहा इंचांवर बटणं लावलेली असतात, त्यामुळे तो बिंदू दोन बटणांच्या मध्ये येतो आणि तिथेच फट पडते. पहिलं बटण त्या रेषेवर लावायचं, मग वर-खाली तीन-चार इंचांच्या अंतराने बाकीची. पुढच्या दोन पट्ट्या एकमेकींवर निदान अडीच इंच याव्यात. गळा किंचित खोल, निमुळता, आणि छातीवर भरतकाम नको. काम करायचंच तर बाहीच्या टोकाला किंवा काठाला.

पोट किंवा कंबर भरलेली असेल तर कमरपट्टा सोडा. तो पट्टा पोटावर सरकतो आणि वर चढतो, मागून अबाया फुगतो. ए-लाइन घ्या, पण घोळ कुठून सुरू होतो ते बघा. कमरेपासून सुरू होणारा घोळ पोटावर टेकूनच खाली पडतो. काखेपासून हळूहळू उमलत गेलेला घोळ पोटाला न शिवता उतरतो. नितंब भरलेले असतील तर हाच नियम आणखी महत्त्वाचा: कमरेखाली साधारण सात-आठ इंचांवर अंग सर्वांत रुंद असतं, तिथे आठ इंचांची ढिलाई मिळाली पाहिजे. सरळ कट तिथे अडकतो आणि मग बायका बाजूला चीर मारून घेतात. चीर हा उपाय नाही, बसल्यावर ती तिथूनच फाटत वर जाते.

अगदी सडपातळ बांध्यावर एकेरी निदा (अबायाचं नेहमीचं पॉलिएस्टर कापड) लोंबल्यासारखा दिसतो. दुहेरी थर, म्हणजे आत क्रेप आणि वर जॉर्जेट, किंवा पाठीवर एक रुंद प्लीट, किंवा थोडी चुणीदार बाही घ्या. अंबरेला कटही यांनाच खुलतो. पण कळ्यांचा (उभे तुकडे जोडून केलेला) अंबरेला आणि उरेब, म्हणजे तिरका, कापलेला अंबरेला यांत फरक आहे. उरेब कापड टांगून ठेवलं की स्वतःच्या वजनाने लांबतं, आणि सगळीकडे सारखं लांबत नाही. म्हणून चांगला टेलर तो शिवून एक-दोन रात्री हँगरवर लटकवतो आणि मगच काठ सारखा करून दुमडतो. घाईत दिलेल्या अंबरेलाचा काठ दोन महिन्यांत लाटेसारखा वर-खाली होतो, त्याचं कारण हे.

गरोदरपणात नवा अबाया घ्यावाच असं नाही, पण घ्यायचा तर काखेपासून उमलणारा ए-लाइन, पुढे दोन इंच जास्तीची लांबी आणि छातीच्या दोन्ही बाजूंना शिवणीत लपवलेल्या उभ्या चेन. नंतर बाळाला पाजतानाही तोच चालतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंना डोक्यातून घालायचा अबाया आणू नका. खांदा दुखत असतो, हात वर जात नाहीत. पूर्ण फ्रंट ओपन, मोठी टिचबटणं, काठ तीन इंच वर, आणि बाही इतकी रुंद की दवाखान्यात रक्तदाब मोजायला दंडापर्यंत सहज वर जाईल.

बाहीचं आणखी एक. वुजूसाठी, म्हणजे नमाजआधी हात-पाय-तोंड धुण्यासाठी, बाही कोपराच्या वर गेली पाहिजे. मनगटावरचा घट्ट कफ आठ-नऊ इंचांचा असेल तर ती जात नाही. त्याला चार-पाच इंचांची चेन किंवा दोन बटणं हवीत, नाहीतर बाहीचं तोंड ११-१२ इंच ठेवा. इलॅस्टिक सोयीचं वाटतं, पण रोज दिवसातून पाच वेळा ओढून सहा महिन्यांत ढिलं पडतं. इलॅस्टिकची नळी एका जागी उघडी ठेवून शिवून घेतली तर ते बदलता येतं.

काठाचा घेर चालण्याशी बांधलेला असतो. बंद सरळ अबायाचा काठाचा घेर ६४ इंचांच्या खाली गेला तर रिक्षात चढताना आणि जिन्यावर अडतं. ७० ते ८० रोजच्या वापराला उत्तम. ९० च्या पुढे ए-लाइन चांगला डौल घेतो, पण गर्दीत त्यावर दुसऱ्याचा पाय पडू लागतो.

कापड

निदा, क्रेप, झूम, जॉर्जेट, नावं ऐकून फार काही कळत नाही, कारण एकाच नावाखाली पाच दर्जांचं कापड विकलं जातं. कोरियन म्हणून सांगितलेलं सगळं कोरियाचं असतं असंही नाही. हातानेच ठरवायचं. एक पदर घ्या, मोबाइलचा टॉर्च मागून लावा, हाताची बोटं मोजता आली तर ते कापड अस्तराशिवाय चालणार नाही. मुठीत दहा सेकंद घट्ट धरून सोडा. निदाच्या चुण्या लगेच उलगडल्या पाहिजेत. तळहातावर टाकून बघा: चांगलं कापड बोटांच्या बाजूंनी खाली झुकतं, हलकं कापड तंबूसारखं ताठ उभं राहतं. तंबू होणारं कापड भरलेल्या अंगावर नको. उलट, अति मऊ जर्सी आणि सॅटिन प्रत्येक वळण दाखवतात, तिथे सैल शिवूनही उपयोग नसतो.

काळ्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. काळा हा एक रंग नाही. काही काळे हिरव्याकडे झुकतात, काही लालसर, काही निळसर, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळे सारखेच दिसतात. अबाया एका दुकानातून आणि स्टोल दुसऱ्या दुकानातून घेतला की उन्हात पाऊल टाकताच चेहऱ्याभोवती एक काळा आणि अंगावर दुसरा काळा दिसतो. म्हणून कापडाचा तुकडा घेऊन दुकानाच्या दाराबाहेर या, दिवसाच्या उजेडात दोन्ही एकमेकांवर ठेवा. मंगळदास मार्केटमधून थानातून कापून घेत असाल तर स्टोलचं कापड त्याच थानातून, त्याच दिवशी घ्या. पुढच्या महिन्यात त्याच नावाचं कापड मिळेल, तोच रंग मिळेल याची खात्री नाही.

मुंबईची दमट हवा आणि रियाधची कोरडी हवा यांत एकच कापड वेगळं वागतं. निदा पॉलिएस्टरचाच असतो, घाम शोषत नाही. दमट हवेत तो पाठीला चिकटतो, मग आत सुती कुर्ता किंवा सुती स्लिप हवी. कोरड्या हवेत आणि एसीत तोच कपडा विजेने भारला जातो आणि पायांच्या मध्ये गुंडाळतो. आत सिंथेटिक लेगिंग असेल तर हमखास. तिथेही उपाय सुती स्लिपचाच, आणि शेवटच्या पाण्यात थोडं फॅब्रिक सॉफ्टनर. शुद्ध सुती अबाया ऐकायला छान, पण पावसात काठ पाणी वर शोषून घेतो, काळा रंग लवकर विटतो आणि संध्याकाळपर्यंत चुरगळतो. माझ्या मते सुती कापड आत, निदा बाहेर, हीच जोडी आपल्या हवेला बरी.

कापड किती लागतं? ५८ पन्हा आणि ५६ नंबर धरला तर बाहीसकट सरळ किंवा हलक्या ए-लाइन अबायाला साडेतीन मीटर, स्टोलही त्यातूनच हवा तर साडेचार. अंबरेलाला सहापर्यंत जातं. ४४ पन्हा असेल तर साध्या अबायालाही पाचच्या आसपास. काही टेलर पन्हा न विचारताच आकडा सांगतात, त्यांना पन्हा आधी सांगा.

कुठे जायचं त्यावर

कॉलेज आणि ऑफिसला कोट कट किंवा साधा फ्रंट ओपन, बसवलेली बाही, दोन्ही बाजूंना शिवणीत खिसे. खिसा मागून घ्यायला लाजू नका. शिवताना तो सहज होतो, नंतर उघडून लावायचा तर बाजूची पूर्ण शिवण काढावी लागते. रंग गडद निळा, राखाडी, मातकट चालतात. लॅबमध्ये किंवा गॅसपुढे मात्र किमोनो बाही अजिबात नको. पॉलिएस्टर पेटतं तेव्हा वितळून कातडीला चिकटतं. तिथे बाही कफची आणि वरून सुती कोट.

दुचाकीवर मागे बसायचं असेल तर फराशा आणि रुंद अंबरेला घरीच ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम मागच्या बाजूला बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण मागतो, पण कित्येक मोटारसायकलींवरची साडी गार्ड काढून टाकलेली असते. बसण्याआधी बघून घ्या. काठ गोळा करून गुडघ्याखाली दाबायचा, स्टोलची दोन्ही टोकं अबायाच्या आत. स्वतः चालवत असाल तर गुडघ्यापासून खाली दोन्ही बाजूंना प्लीट असलेला कट सोयीचा, पाय मोकळे होतात आणि उघडं काही पडत नाही.

शादी आणि वलीम्याला (लग्नानंतरच्या मेजवानीला) लोक सगळ्यात जास्त खर्च करतात आणि सगळ्यात जास्त चुकतात. आतला पोशाखच जरीचा असेल तर वर खड्यांनी भरलेला अबाया घालून दोन्ही एकमेकांना खातात. फ्रंट ओपन बिश्त, साध्या क्रेपचा, फक्त पुढच्या पट्टीवर बारीक आरी काम, एवढं पुरतं. जड काम असेल तर ते खाली किंवा दोन्ही पट्ट्यांवर सारखं हवं. एकाच खांद्यावर जड काम केलेला अबाया दोन तासांत त्या बाजूला उतरतो. चिकटवलेले खडे आणि शिवलेले खडे यांतला फरक नखाने खरवडून कळतो. चिकटवलेले इस्त्रीच्या उष्णतेने सुटतात, शिवलेले स्टोलच्या जॉर्जेटचे धागे ओढतात. दोन्हींत त्रास आहे, पण शिवलेला खडा निदान परत लावता येतो.

उमराह किंवा हजला जाणाऱ्या बायकांसाठी पुरुषांसारखं न शिवलेलं वस्त्र नसतं. त्या नेहमीचे शिवलेले कपडे घालतात, रंगाचंही बंधन नाही. इहरामच्या (हज-उमराहच्या व्रतस्थ अवस्थेच्या) काळात फक्त नकाब आणि हातमोजे घालत नाहीत. पांढरा अबाया घेणार असाल तर टॉर्चची परीक्षा दोनदा करा आणि आत कातडीच्या रंगाची सुती स्लिप घाला. पांढऱ्याखाली पांढरी स्लिप उठून दिसते. मक्केतल्या सफा-मरवा टेकड्यांमधल्या सात फेऱ्या म्हणजे प्रत्येकी साधारण ४५० मीटर, एकूण तीन किलोमीटरहून जास्त चालणं, शिवाय तवाफ, म्हणजे काबाभोवतीच्या प्रदक्षिणा, वेगळा. काठ दोन ते अडीच इंच वर, घेर ८० च्या आत, चेनवाला खिसा, खडे शून्य. सरकत्या जिन्यावर लांब काठ दातांत अडकतो, तिथे तो हातात उचलून धरायचा. दोन-तीन साधे, रात्री धुऊन सकाळी वाळणारे अबाया एका भारी अबायापेक्षा बरे.

नुसतं फिरायला सौदीला जाणाऱ्या बायका अजून विचारतात की काळा अबाया लागतोच का. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदीने पर्यटक व्हिसा सुरू केला तेव्हापासून परदेशी बायकांवर अबायाची सक्ती नाही, अंग झाकणारे सभ्य कपडे अपेक्षित आहेत. अमिरातीत स्थानिक बायका काळ्या अबायावर लांब, पातळ ओढणी घेतात, तिला शैला म्हणतात. नावावरून आपला शेला आठवतो, आणि घेण्याची तऱ्हाही काहीशी तशीच, एक टोक खांद्यावरून मागे.

मय्यतीला, म्हणजे कुणी वारल्यावर जाताना, साधा, बिनकामाचा काळा. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

धुणं आणि दुरुस्ती

उलटा करून, थंड पाण्यात, लिक्विडने, सावलीत. काळा निदा कडक उन्हात वाळवला की खांद्यावर आधी रंग उडतो, कारण दोरीवर तोच भाग वर असतो. गरम इस्त्री थेट फिरवली की पॉलिएस्टरवर चकाकी येते, शिवणींवर जास्त, आणि ती परत जात नाही. मंद इस्त्री, उलट्या बाजूने, मध्ये सुती फडकं. अत्तराचा तेलकट डाग नुसत्या साबणाने निघत नाही, भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब कोमट पाण्यात लावून दहा मिनिटं ठेवा. अत्तर मुळात कापडावर लावूच नये, मनगटावर लावावं.

तयार अबायात काय सुधारता येतं हे घेतानाच माहीत असावं. लांबी कमी होते, बाजू आत घेता येतात, खांदा अर्धा-पाऊण इंच आत सरकतो, बटणं वाढवता येतात. आखूड असलेला मुंढा खोल करता येतो, खोल असलेला वर चढवता येत नाही, कारण तिथे कापडच उरलेलं नसतं. काखेत चौकोनी जोड घालून काही टेलर सांभाळून घेतात, पण तो जोड दिसतो. काठाला भरतकाम असेल तर तिथून लांबी कापू देऊ नका. बॉर्डर उसवून वर सरकवावी लागते, आणि ए-लाइन वर जाताना अरुंद होत असल्याने बॉर्डरचे दोन-चार इंच जास्तीचे उरतात. ते बाजूच्या शिवणीत अर्धे-अर्धे कापून घ्यायचे. टेलरने ते मागच्या मध्यावर चुणी घालून लपवले तर चालताना तिथेच शेपटीसारखा फुगा येतो. अबाया ताब्यात घेताना मागे वळून आरशात बघा, तो फुगा असेल तर तिथल्या तिथे परत द्या.